नजर कशी तयार व्हावी?



मी सातवी शिकलेली. माझी थोरली मुलगी पुण्याला हिंजवडीत संगणकाचे प्रोग्राम लिहिते. तिथे ‘अजाईल’ नावाची पद्धत आहे. 2001 साली अमेरिकेत 17 जणांनी तिची तत्त्वे लिहिली. मोठे काम दोन-दोन आठवड्यांच्या वाट्यांनी करायचे, रोज सकाळी उभ्याउभ्या हिशेब द्यायचा, झालेले गिऱ्हाइकाला दाखवून सुधारायचे.

2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. आता सांगितले की यंत्रच प्रोग्राम लिहून देते. मुलगी म्हणते, “आई, लिहिण्याचा वेळ वाचतो, तो तपासण्यात जातो.” 2025 साली मेटर या अमेरिकन संस्थेने 16 अनुभवी प्रोग्रामरांचे काम मोजले. यंत्रामुळे काम लवकर झाले असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात 19 टक्के जास्त वेळ लागला होता.

आपल्या भंडाऱ्यात गिरणीतून तांदूळ भराभर येतो, पण खडा निवडणारीलाच दिसतो. ती नजर निवडून निवडूनच येते. नवख्यांची किरकोळ कामे यंत्राने घेतली, तर त्यांची नजर कशी तयार व्हावी? माझी धाकटी यंदा इंजिनिअर होते आहे. मला घोर आहे तो हाच. तिला मी एवढेच सांगते, यंत्राकडून घे, पण ओळ न् ओळ निवडून घे.