पालघर एका बाजूला कसं झुकलं?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



साथींनो, निकाल लागला की आपल्या बैठकांमध्ये दोनच कारणं ऐकू येतात. मशीन आणि पैसा. ही दोन नावं घेतली की पुढे विचार करायची गरज उरत नाही. मला आज त्याच्या पुढे जायचं आहे. डहाणू-तलासरीच्या गावांमधून फिरताना जे दिसलं आणि निकालाचे आकडे जे सांगतात, ते जोडून तुमच्यासमोर ठेवतो. एखाद्या पक्षाला मत देणं किंवा तो पक्ष सोडणं, हा मतदाराचा हक्क आहे. म्हणून हे रडगाणं नाही. झालं कसं, एवढंच समजून घ्यायचं आहे.

आधी मागचं बघू. जुना डहाणू लोकसभा मतदारसंघ कुणाच्या खिशात नव्हता. १९७७ ला माकपचे लहानू कोम निवडून आले. १९८० पासून १९९१ पर्यंत सलग चार वेळा काँग्रेसचे दामोदर शिंगडा. १९९६ ला भाजपचे चिंतामण वनगा, १९९८ ला काँग्रेसचे शंकर नम, १९९९ ला परत वनगा, २००४ ला परत शिंगडा. २००९ ला पालघर हा नवा मतदारसंघ झाला आणि तिथून बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव गेले. म्हणजे लोक दर खेपेला हिशेब मागत होते. २०१४ पासून मात्र ही जागा भाजप किंवा त्याची युतीच जिंकत आली आहे. २०२४ ला डॉ. हेमंत सवरा १ लाख ८३ हजारांहून जास्त मतांनी जिंकले.

विधानसभेचं चित्र आणखी बोलकं आहे. जिल्ह्यात सहा जागा. २०१९ ला त्यातली एकही भाजपकडे नव्हती. तीन बहुजन विकास आघाडीकडे, एक शिवसेनेकडे, एक राष्ट्रवादीकडे आणि डहाणू माकपकडे. २०२४ ला भाजपच्या तीन, शिंदेंच्या शिवसेनेच्या दोन. उरली एकटी डहाणू.

पाच वर्षांत शून्यावरून तीन. ही लाट आहे का? मला तसं वाटत नाही. यामागे चार गोष्टी आहेत.

पहिली, दीर्घ काम. १९४५ ला तलासरी तालुक्यातल्या झरी गावातून वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्या लढ्यात होते. लाल बावटा इथे भाषणांनी आला नाही, सावकार आणि जमीनदाराच्या दारातून माणूस सोडवून आला. दुसऱ्या बाजूनेही हे ओळखलं. संघपरिवाराने तलासरीत वसतिगृह काढलं, मुलं शिकवली, घराघरांत ओळख केली. आपण 'आदिवासी' म्हणतो, ते 'वनवासी' म्हणतात. या दोन शब्दांत अख्खं राजकारण आहे. त्यावर भांडा, जरूर भांडा. पण ज्या पोराला वसतिगृहात जेवण आणि पुस्तक मिळालं, त्याच्या घरी ते भांडण घेऊन जाताना आपल्या हातात काय आहे, हेही बघा.

दुसरी, विरोधकांची फाटाफूट. २०१८ च्या पोटनिवडणुकीत भाजप सुमारे साडेएकोणतीस हजारांनी जिंकला. समोर शिवसेना, बहुजन विकास आघाडी, माकप आणि काँग्रेस, चौघे वेगवेगळे लढले. २०२४ लाही सवरांना सुमारे ६ लाख मतं पडली, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या उमेदवाराची बेरीज साडेसहा लाखांच्या वर जाते. ती सगळी मतं एकत्र आलीच असती, असा दावा मी करत नाही. पण एकत्र आणायचा प्रयत्न झाला नाही, हे खरं.

तिसरी, नेत्यांची ये-जा. राजेंद्र गावित काँग्रेसचे मंत्री होते. २०१८ ला भाजपचे खासदार झाले, २०१९ ला शिवसेनेचे खासदार, २०२४ ला शिंदेंच्या शिवसेनेचे आमदार. माणूस तोच, चिन्ह वेगळं. माणूस जातो तेव्हा त्याच्यासोबत गावोगावचे कार्यकर्तेही जातात.

चौथी, नवा मतदार. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत डहाणू, तलासरी, जव्हारचे पाडे वसई-नालासोपाऱ्याच्या चाळी आणि इमारतींबरोबर एकाच लोकसभा मतदारसंघात आले. एकाचा प्रश्न वनहक्काचा पट्टा, दुसऱ्याचा लोकलची गर्दी. दोघांना एकाच भाषणात बांधायचं तर पाड्यावरचा प्रश्न मागे पडतो आणि देश, धर्म, मोठे प्रकल्प पुढे येतात. वाढवण बंदराचंच घ्या. किनाऱ्यावरचा मच्छीमार वर्षानुवर्षं विरोध करतोय. पण उंबरगाव-वापीच्या कारखान्यात रोज कामाला जाणाऱ्या तलासरीच्या तरुणाला तोच प्रकल्प नोकरीसारखा दिसू शकतो. त्याला खलनायक ठरवून काय मिळेल?

आता आपल्याशी थेट संबंध असलेली एक गोष्ट. १६ एप्रिल २०२० च्या रात्री याच जिल्ह्यात गडचिंचले इथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाचा जीव घेतला. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा त्यामागे होती. ते कृत्य अमानुष होतं आणि त्याचा निषेध कुठल्याही 'पण'शिवाय करायला हवा. मात्र काही दिवसांत समाजमाध्यमांवर दोष आपल्या समाजावर ढकलला गेला. अटक केलेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही, हे गृहमंत्री अनिल देशमुख यांना जाहीर सांगावं लागलं. तोवर ती खोटी गोष्ट देशभर पोचली होती. पहिल्या अफवेने तिघांचे जीव घेतले, दुसरीने शेजाऱ्यांमध्ये संशय पेरला. त्याने किती मतं हलली, हे मोजता येणार नाही. पण जिथे शेजाऱ्याची खरी ओळख नसते, तिथे मोबाइलवर आलेली ओळख खरी ठरते.

मग डहाणू का उरली? २०१९ ला विनोद निकोले साडेचार हजारांच्या पुढे मतांनी जिंकले, २०२४ ला पाच हजारांच्या थोड्या वर. राज्यात सगळं उलटं जात असताना माकपची ही एकमेव जागा टिकली. कारण तिथे संघटना फक्त निवडणुकीपुरती नसते. रेशन, वनजमिनीचा दावा, मोर्चा, तहसील कचेरीतली खेप, हे बाराही महिने चालू असतं. तरीही फरक पाच हजारांचाच आहे, हेही विसरू नका.

आपली मतं या पट्ट्यात थोडी आहेत. आपण कुणाला जिंकवू किंवा हरवू, या भ्रमात राहण्यात अर्थ नाही. पण नागरिक म्हणून करण्यासारखं पुष्कळ आहे. मतदार यादीत आपलं आणि शेजारच्या पाड्यावरचं नाव तपासा. वनहक्काचा अर्ज भरायला बसा. तो अर्ज आपला नाही, म्हणूनच बसा. 'पेसा'खालच्या ग्रामसभेला काय अधिकार आहेत ते शिका आणि सांगा. अफवा आली की फोन फिरवू नका, स्वतः जा. आणि निवडून आलेला माणूस कुठल्याही पक्षाचा असो, त्याच्याकडे प्रश्न घेऊन जा. एकाच बाजूच्या हातात जवळजवळ सगळ्या जागा असतात, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्यांची गरज वाढते.

पुढची निवडणूक दूर आहे. पट्ट्याचे अर्ज मात्र आजही पडून आहेत. तिथून सुरुवात करू.