मिठागर आणि स्याद्वाद

सत्य निरपेक्ष की सापेक्ष, या वादात जैन दर्शनाला हटकून सापेक्षवाद्यांच्या रांगेत बसवले जाते. ज्याचे त्याचे सत्य वेगळे, हाच अनेकांतवाद, असा समज रूढ आहे आणि तो त्या दर्शनावर अन्याय करणारा आहे. मोठी जैन वस्ती असलेल्या मीरा-भाईंदरमध्ये हा विचार उलगडायला खाडीकाठची मिठागरेच उपयोगी पडतात.

'आगरात मीठ आहे' हे विधान खरे की खोटे? मे महिन्याच्या आरंभी ते खरे असते. भरतीचे आत घेतलेले पाणी उन्हाने आटते, मीठ धरते आणि बांधावर राशी लागतात. जुलैत आगर पावसाच्या पाण्याखाली असते. तेव्हा तेच विधान खोटे ठरते. म्हणून जैन तर्कशास्त्र द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव या चार अंगांनी विधान तपासते. मीठ हे द्रव्य, भाईंदर हे क्षेत्र, उन्हाळा हा काळ आणि घट्ट खडा हा भाव धरला, तर 'आहे' म्हणणे योग्य. यातले एक अंग बदलले की 'नाही' म्हणणेही तितकेच योग्य. विधानाला जोडलेले 'स्यात्' हे पद हीच अपेक्षा, म्हणजे कोणत्या दृष्टीने बोलतो ते, दाखवते; त्यावरूनच या पद्धतीला स्याद्वाद म्हणतात. त्यात 'असेल कदाचित' असा संशय नाही.

'आहे' आणि 'नाही' क्रमाने सांगता येतात. दोन्ही एकदम एका शब्दात सांगता येत नाहीत, म्हणून 'अवक्तव्य'. या तिन्हींच्या जोडण्यांतून सप्तभंगी, म्हणजे विधानाचे सात प्रकार, तयार होते.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात यावर कडाडून आक्षेप घेतला: एकाच वस्तूत एकाच वेळी परस्परविरोधी धर्म राहूच शकत नाहीत. आक्षेप वजनदार आहे. पण जैनांनी ज्या अपेक्षेने 'आहे' म्हटले, त्याच अपेक्षेने 'नाही' म्हटलेले नाही. मे महिन्यातले मीठ जुलैतल्या पाण्याशी भांडत नाही.

शिवाय वस्तूचे स्वरूप बघणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, असे हे दर्शन कुठेही मानत नाही. वस्तू अनंत धर्मांची आहे आणि ती समग्र जाणणारे केवलज्ञानही आहे. सामान्य माणसाला मात्र एका वेळी एकच बाजू दिसते. त्या मर्यादित दृष्टीला 'नय' म्हणतात. आपली बाजू तेवढीच खरी असा हट्ट धरणारा नय 'दुर्नय' होतो. सापेक्ष आहे ते माणसाचे कथन, सत्य नव्हे.

या विचाराचा एक धागा मुंबईत गांधीजींपर्यंत पोचला. इंग्लंडहून १८९१ मध्ये परतल्यावर मुंबईतच त्यांची जैन विचारवंत रायचंदभाईंशी भेट झाली. आत्मकथेच्या १९२५ च्या प्रस्तावनेत गांधीजींनी निरपेक्ष सत्य हेच ध्येय मानले आणि ते हाती येईपर्यंत आपल्याला उमगलेल्या सापेक्ष सत्याच्या आधाराने चालण्याचा निश्चय नोंदवला.