प्रोटॉनचे वजन येते कोठून?



अकोल्याच्या बाजारात कोणी असा कापूस आणला, की तो वजनाला शंभर किलो भरतो. पण रुई आणि सरकी वेगळी करून तोलली तर दोन्ही मिळून एकच किलो! आपण त्या गृहस्थास काय म्हणू? निसर्गाने प्रोटॉनच्या बाबतीत नेमके हेच केले आहे. दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे माप धरले, तर प्रोटॉनचे वस्तुमान ९३८ आणि त्यातील तीन क्वार्कांची बेरीज जेमतेम ९. उरलेले ९९ टक्के क्वार्कांच्या धावपळीत आणि त्यांना जखडून ठेवणाऱ्या ग्लुऑन-क्षेत्राच्या ऊर्जेत आहे.

या बलाचे नियम १९७३ च्या सुमारास हाती आले. परंतु नियम कळणे निराळे आणि त्यातून उत्तर काढणे निराळे. विद्युत्-बलात प्रत्येक पुढची दुरुस्ती मागचीपेक्षा पुष्कळ लहान असते, कारण त्या बलाचे मान १/१३७ एवढेच. प्रोटॉनच्या पोटात हेच मान एकाच्या आसपास जाते. दुरुस्त्या संपतच नाहीत.

१९७४ साली केनेथ विल्सन यांनी वाट दाखविली. अवकाश आणि काळ अखंड न धरता त्यांची जाळी कल्पावयाची. गाठींवर क्वार्क आणि दोन गाठी जोडणाऱ्या धाग्यांवर ग्लुऑन बसवावयाचे. अवकाशाच्या तिन्ही दिशांना ६४ आणि काळाच्या दिशेला १२८ गाठी घेतल्या, तरी गाठी होतात ३ कोटी ३५ लाखांवर आणि धागे १३ कोटींवर. प्रत्येक धाग्यावर आकड्यांचा तीन बाय तीन असा चौकोन!

या धाग्यांच्या सर्व संभाव्य रचनांची बेरीज करणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही. मग करावयाचे काय? लिलावात व्यापारी गाडीतला सगळा कापूस उपसत नाही. आतून चार ठिकाणचे मूठमूठ काढून पाहतो. येथेही तेच, फरक एवढाच, की ज्या रचनेला निसर्ग अधिक महत्त्व देतो ती अधिक वेळा हाती यावी अशी मूठ मारावी लागते. चूक निम्म्यावर आणावयाची तर नमुने चौपट हवेत. त्यातून प्रोटॉन भारी खट्याळ: जाळीवर त्याला जितका अधिक काळ चालू द्यावा, तितका त्याचा आवाज गोंगाटात झपाट्याने बुडतो, आणि थोडाच काळ चालविला तर शुद्ध प्रोटॉन हाती येत नाही. सगळी कसरत या दोहोंच्या मध्ये आहे.

म्हणून यंत्रे लागतात. १९८० च्या दशकात सर्वात समर्थ यंत्रे आपल्याला विकावयास अमेरिका राजी नव्हती. १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ साली तिने 'परम ८०००' चालू केला. त्या कामाचे धुरीण विजय भटकर आपल्याच जिल्ह्यातले, मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंब्याचे, हे येथे सांगितलेच पाहिजे.

या गणिताचा उपयोग काय, असे कोणी विचारील. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा फक्त ०.१४ टक्क्यांनी जड आहे. हा फरक उलटा असता तर प्रोटॉनच फुटून न्यूट्रॉन झाला असता. मग हायड्रोजन टिकता ना, आणि आपल्या काटेपूर्णेचे पाणीही नसते. विद्युत्-प्रभार प्रोटॉनला जड करू पाहतो. खालच्या जातीचा क्वार्क वरच्याहून जड असल्यामुळे पारडे न्यूट्रॉनकडे झुकते. ही ओढाताण जाळीवर मोजून हा फरक २०१५ साली युरोपातील भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने काढला. प्रयोगाचा आकडा १.२९, त्यांचा सुमारे दीड, आपल्या चुकीच्या मर्यादेत त्याच्याशी जुळणारा.

परिवलनाची गोष्ट अजून रंगतदार आहे. १९८८ च्या सुमारास जिनेव्हाच्या प्रयोगात दिसले, की प्रोटॉनच्या परिवलनात क्वार्कांच्या स्वतःच्या गिरकीचा वाटा अगदी थोडा. मग बाकीचे कोणाचे? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन करीत आलेले नीलमणी माथुर आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली जाळीवरून उत्तर दिले: गिरकीचा वाटा पावभर, क्वार्कांच्या फिरण्याचा सुमारे एक तृतीयांश, उरलेले ग्लुऑनकडे. त्या काळच्या यंत्रांना झेपत नसल्यामुळे क्षणभर उपजून विरणाऱ्या क्वार्क-जोड्या क्षेत्राच्या नमुन्यांतून वगळाव्या लागल्या होत्या. आता त्या धरूनही हिशेब होतो. त्यात गिरकीचा वाटा चाळीस टक्क्यांच्या जवळपास येतो आणि ग्लुऑनचाही तेवढाच मोठा. मात्र ग्लुऑनच्या वाट्यात गिरकी किती आणि फिरणे किती, ही वाटणी अजून चालूच आहे.