देवळाचे कौल आणि फरशी
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



मी कचेरीतला कारकून. हिशेबाच्या दोन गोष्टी सांगतो.

सभामंडपावर आपण मंगलोरी कौलेच ठेवली. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास या कौलांचा कारखाना काढला. नेत्रावतीकाठची चिकणमाती साच्यात दाबून भट्टीत भाजीत. या कौलांची खाच एकमेकांत बसते, म्हणून नळीच्या कौलांपेक्षा ती कमी लागतात आणि छपराचा भारही कमी होतो. फुटले तर तेवढेच एक बदलता येते. फटींतून हवा खेळते, ती वेगळीच.

जमिनीला खरबरीत शहाबादी फरशी घातली. गुळगुळीत लादी ओली झाली की म्हातारी माणसे घसरतात.

गाभाऱ्याच्या भिंतींना चकचकीत टाइल्स लावाव्यात, अशी काहींची सूचना होती. भावना चांगली, परंतु दगड-चुन्याची भिंत आतली ओल बाहेर टाकते. टाइल्सनी तिचे तोंड बंद केले तर ओल आत कोंडते आणि चुना भुसभुशीत होतो. पाय धुण्याच्या जागी मात्र टाइल्स योग्यच, म्हणून तेथे लावल्या.

आता विनंती. फरशीवर नाव घालण्यास दाते मिळतात. मृगापूर्वी देऊळ शाकारण्यास मिळत नाहीत. एक फुटके कौल दुर्लक्षिले तर खालचा वासा कुजतो आणि खर्च दसपट होतो. तरी दरसाल शाकारणीसाठी थोडी रक्कम वेगळी ठेवावी. त्या देणगीवर नाव दिसणार नाही, पण देऊळ कोरडे राहील.