चिमूरची चौकशी

चांदा जिल्ह्यांतील चिमूर गांवीं १६ ऑगस्ट १९४२ रोजीं, ऐन नागपंचमीस, मिरवणुकीवर गोळीबार झाला. खवळलेल्या जमावानें चार सरकारी माणसें ठार केलीं. हा अपराध होताच. परंतु त्याचें शासन अपराध्यांपुरतें राहिलें नाहीं. १९ तारखेस लष्कर आलें. पुरुष कैदेंत वा परागंदा. मागें राहिलेल्या स्त्रियांवर घराघरांत अत्याचार झाले. वर गांवास एक लक्ष रुपये सामुदायिक दंड!

नागपुराहून डॉ. मुंजे व कांहीं स्त्रिया तेथें गेल्या, त्यांनीं हकिकती टिपल्या. सरकारनें चौकशी नाकारली. व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत तेव्हां आपल्या वऱ्हाडचेच, यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे होते. सेवाग्रामचे प्रा. भन्साळी दिल्लीस त्यांच्या दारीं गेले. चिमुरास चला, एवढेंच त्यांचें मागणें. तें मान्य झालें नाहीं. ११ नोव्हेंबरपासून भन्साळींनीं उपवास मांडला, आणि त्याची बातमी छापण्यास वृत्तपत्रांना मनाई झाली!

६३ व्या दिवशीं, १२ जानेवारी १९४३ रोजीं, उपवास सुटला. बातम्यांवरील बंदी उठली. निःपक्षपाती चौकशी मात्र झालीच नाहीं. फेब्रुवारींत अण्यांनीं कौन्सिल सोडलें, तें गांधीजींच्या उपवासाच्या प्रश्नावरून; चिमुरावरून नव्हे.