काळ्या रंगाआडची खिडकी

अर्धवट राहिलेल्या चित्रावर काळा रंग फिरविणें म्हणजे तें चित्र रद्द करणें, अशी सर्वसाधारण समजूत असते. चुकलेल्या ओळीवर कारकून काट मारतो, तसाच हा प्रकार वाटतो. परंतु काट मारल्यानें ओळ केवळ बाद होते. काळ्या रंगानें मात्र कधीं कधीं जुन्या चित्राच्या जागीं नवेंच चित्र उभें राहतें. फ्रेंच चित्रकार हेन्री मातीस यानें १९१४ सालीं रंगविलेली कोलियूर येथील खिडकी हें याचें बोलकें उदाहरण होय.

कोलियूर हें दक्षिण फ्रान्सांत, स्पेनच्या सरहद्दीनजीक, भूमध्य समुद्राच्या कांठीं वसलेलें कोळ्यांचें गांव. १९०५ च्या उन्हाळ्यांत मातीसनें तेथें एक उघडी खिडकी रंगविली होती. त्या चित्रांत पाणी गुलाबी आहे, होड्या रंगीबेरंगी आहेत, खिडकीभोंवतीं वेली आहेत. एका बाजूची भिंत हिरवी, तर दुसरी गुलाबी. असल्या भडक रंगांमुळें मातीस व त्याचे सोबती यांना पारीसच्या एका टीकाकारानें त्याच वर्षीं ‘रानटी श्वापदें’ ठरविलें.

नऊ वर्षांनीं तोच चित्रकार त्याच गांवीं आला, तो निराळ्याच काळांत. ऑगस्ट १९१४ मध्यें महायुद्ध पेटलें होतें. चव्वेचाळीस वर्षांच्या मातीसनें सैन्यांत जाण्याची तयारी दाखविली. ती नाकारण्यांत आली. पारीसनजीकचें त्याचें घर लष्करानें ताब्यांत घेतलें, आणि उत्तरेस त्याची आई राहत होती तें गांव जर्मनांच्या हातीं पडलें. अशा मनःस्थितींत तो पुन्हां कोलियूरच्या खिडकीसमोर उभा राहिला.

ही खिडकी जमिनीपर्यंत उतरणारी, दारासारखी उघडणारी आहे. सुमारें पावणेचार फूट उंचीच्या कापडावर डावीकडे निळसर करडा उभा पट्टा आहे, उजवीकडे करडा आणि हिरवा. आणि मध्यें, जेथें समुद्र व आकाश असावयाचें, तेथें सपाट काळा रंग. प्रथम तेथें बाहेरचें दृश्य होतें. चित्रावर बाजूनें तिरपा प्रकाश पाडला, तर काळ्या थराखालचा सज्जाचा कठडा व झाडांचे आकार अजूनहि ओळखूं येतात.

या एका थरानें सगळी मांडणीच पालटली. बाहेर दृश्य होतें तोंवर पाहणाराची नजर सरळ तिकडे धांव घेई, आणि दोन्ही बाजूंचे पट्टे त्या दृश्याची चौकट म्हणून राहत. वाट अडतांच नजर मागें फिरली आणि त्या पट्ट्यांवर स्थिरावली. चौकट होती तेंच चित्र झालें. संक्रांतीला काळ्या चंद्रकळेवर हलव्याचे दागिने कसे खुलतात हें ज्यानें पाहिलें आहे, त्याला हा चमत्कार समजावून सांगावयास नको.

या काळ्या रंगांत युद्धाची छाया पाहणें सोपें आहे, आणि तें सर्वस्वीं चुकीचेंहि नाहीं. परंतु मातीसला त्यांत आणखी कांहीं सांपडलें. आधीच्या पिढींतील अनेक चित्रकारांनीं, सावलींतहि रंग असतात असें म्हणून, काळा आपल्या रंगफळीवरून हद्दपार केला होता. मातीसनें त्याला परत बोलाविलें. १९१५-१६ मधील दुधीभोपळ्यांच्या चित्राविषयीं त्यानें पुढें सांगितलें कीं, तेथें काळा हा अंधाराचा नव्हे, तर प्रकाशाचा रंग म्हणून वापरावयास आपण आरंभ केला. १९४६ सालीं पारीसमध्यें भरलेल्या एका प्रदर्शनाचें नांवच ‘काळा हा एक रंग आहे’ असें होतें, आणि त्यांत मातीसचा सहभाग होता.

कोलियूरच्या खिडकीवर मात्र त्यानें सही केली नाहीं, आणि १९५४ सालीं मृत्यु येईपर्यंत ती प्रदर्शनांत मांडली नाहीं. ती लोकांपुढें आली १९६६ सालीं, अमेरिकेंत. आज ती पारीसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहांत आहे. सही नाहीं म्हणून तिला अपुरी म्हणणारे आहेत. तथापि नापसंत रंग खरवडून काढून पुन्हां रंगविणें ही मातीसची त्या काळांतील नेहमींची रीत होती. हा काळा थर त्यानें पुढें चाळीस वर्षें तसाच राहूं दिला.