लिंबाचा मोहोर आणि दोन हजार रुपये

(मार्च १९९० मध्ये दहावीची परीक्षा दिलेल्या आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. वेळेअभावी राहून गेलेली काही वाक्ये लिहून काढताना घातली आहेत.)



मला दहा मिनिटं दिली आहेत. आजचे सूत्रसंचालक शाळेत आपले मॉनिटर होते, त्यामुळे अकराव्या मिनिटाला माझं नाव फळ्यावर लागणार हे मला ठाऊक आहे. विषय त्यांनी माझ्यावरच सोडला. "काहीही बोल, पण रडायचं नाही," एवढीच अट घातली. ती मी पाळीन.

पाडवा नुकताच झालाय. सकाळी फाटकातून आत आले तेव्हा आधी वास आला, मग शाळा दिसली. मैदानाच्या कडेची लिंबं फुलली आहेत. पुस्तकात त्याला कडुनिंब म्हणतात, आपल्याकडं लिंबच. पान कडू, साल कडू, लिंबोळी पिकेपर्यंत कडू, आणि त्या झाडाच्या बारक्या पांढऱ्या मोहोराला मात्र मधासारखा वास. मराठीच्या तासाला वसंत ऋतूवर निबंध असायचा. त्यात आपण सगळे झुळझुळ वाहणारे झरे आणि रंगीबेरंगी फुलांचे ताटवे लिहायचो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला आपला हा मुलूख. ढग तिकडं महाबळेश्वरला रिकामे व्हायचे आणि आपल्यापर्यंत नुसता वारा यायचा. झरा आपल्यातल्या कुणी पाहिला होता? आपला वसंत म्हणजे लिंब, बाभळीची पिवळी फुलं, आणि बांधावर एखादा पांगारा, अंगावर एक पान नसताना लालभडक फुललेला. निबंधात पांगारा कुणी लिहिला नाही, कारण गाइडात तो नव्हता.

मार्च लागला की शाळा सकाळची व्हायची. साडेअकराला सुटलो की दिवस मोकळा. दगड मारून पाडलेल्या चिंचा, मीठ-तिखट लावलेली कैरी, विहिरीच्या काठावरचा गारवा. वसंत हा गरिबाचा ऋतू, त्याला पैसे पडत नाहीत, असं कुणी म्हणालं की मला ते अर्धंच पटतं. चिंचेला पैसे पडत नव्हते, पण चिंचेखाली बसायला वेळ लागत होता. आठवा, फेब्रुवारीनंतर दुपारी मैदानावर मुली किती असायच्या? आम्ही घागर-कळशी घेऊन टँकरच्या रांगेत असायचो. मुलांनी मोहोराच्या वासात क्रिकेट खेळलं. मोहोराचा वास आम्हालाही यायचा, डोक्यावर दोन घागरी घेऊन. तक्रार म्हणून सांगत नाही, हिशेब म्हणून सांगते. माझी नोकरीच हिशेबाची आहे.

आता सिनेमाकडं येते, म्हणजे मागचे बाक जागे होतील.

आपली दहावी म्हणजे 'मैंने प्यार किया'चं वर्ष. सिनेमा १९८९ च्या डिसेंबरच्या अखेरीस लागला आणि मार्चमध्ये आपली परीक्षा, त्यामुळे कितीजणांच्या टक्क्यांवर त्याचा परिणाम झाला हे बोर्डालाही सांगता येणार नाही. भाग्यश्री सांगलीच्या पटवर्धन राजघराण्यातली, म्हणून "आपल्या सांगलीची पोरगी" असं आपण सगळीकडं सांगत फिरायचो, जसं काही तिच्या वाड्यावर आपलं रोजचं जाणं-येणं होतं. संगीतकार रामलक्ष्मण म्हणजे आपले विजय पाटील, दादा कोंडक्यांच्या 'पांडू हवालदार'ला संगीत देणारे. ही मला पुढं कळलेली गोष्ट. तेव्हा फक्त 'फ्रेंड' लिहिलेली टोपी माहीत होती. ती जत्रेत विकायला आली होती आणि आपल्या वर्गात ती दोघांकडं होती.

दोघांकडंच का, हेही सांगते. ती दोन्ही घरं गलाईवाल्यांची होती. आपल्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायला बाहेर गेली. केरळ, तमिळनाडू, आसाम, दिल्ली, कुठं नाहीत? इथं शेतात कुसळ उगवत नव्हतं म्हणून गेली, आणि भट्टीच्या धगीपुढं, ॲसिडच्या वाफा गिळत लोकांचं सोनं शुद्ध करून दिलं. गावात रंगीत टीव्ही, सिमेंटची घरं आली ती त्या पैशातून. आपल्यातले सातवी-आठवीनंतर अचानक दिसेनासे झालेले चौघं आज इथं बसलेत. त्यांच्याकडं आज गाड्या आहेत, आणि काहींना वाटतं की त्यांना नशिबानं मिळालं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरानं परक्या मुलखात दुकानातच झोपायचं, दुसऱ्याची भाषा शिकायची, आईला पत्रात "मी सुखात आहे" लिहायचं, ह्याला मी नशीब म्हणणार नाही. त्यांच्यातला एक मद्रासला होता. पहिल्या दिवाळीला घरी येता आलं नाही, तेव्हा रजनीकांतचा सिनेमा बघून तो दिवस ढकलला, असं त्यानं काल रात्री सांगितलं. पडद्यावरचा हा माणूस मुळात शिवाजीराव गायकवाड, आपल्यासारखाच मराठी घरातला, हे कळल्यावर त्याला केवढा आधार वाटला म्हणे! सिनेमाचा असाही उपयोग असतो. मला तो कमी प्रतीचा वाटत नाही.

तर 'मैंने प्यार किया' आमच्या आळीत आला व्हिडिओवर, गलाईवाल्यांच्या घरच्या लग्नानंतर. अंगणात टीव्ही, पुढं पोरंसोरं, एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये. आणि अंगणाच्या कडेला, गटारीपलीकडं, उभं राहून बघणारी काही माणसं. त्यांना कुणी "या" म्हणालं नव्हतं आणि कुणी "जा"ही म्हणालं नव्हतं. रविवारी सकाळी 'महाभारत' लागायचं तेव्हाही खिडकीच्या आतले आणि बाहेरचे असे दोन गट असायचेच. कोण आत आणि कोण बाहेर, हे नुसत्या पैशावर ठरत नव्हतं. तुम्हाला माहीत आहे. पुढं बोलत नाही.

त्या रात्री माझी आई शेजारी बसली होती. दिवसभर रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून आलेली. ही रोजगार हमीसुद्धा आपल्या जिल्ह्याची देणगी बरं का. वि. स. पागे यांनी तिची पहिली चाचणी घेतली ती तासगाव तालुक्यातल्या विसापूरला. मग १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उपयोगी पडली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा लागू झाला. मागेल त्याला काम, आणि बाईला बाप्याइतकीच मजुरी. आज ज्या पाझर तलावावर आपण सेल्फी काढून आलो, त्याची माती आपल्यातल्या निम्म्या जणांच्या आयांनी वाहिली आहे.

सिनेमात काय होतं? पोरगा कारखानदाराचा, पोरगी गरिबाघरची. पोरीच्या बापाचा अपमान होतो, आणि तो अट घालतो की एका महिन्यात स्वतःच्या मेहनतीनं दोन हजार रुपये मिळवून दाखव. मग आपला सलमान ट्रक चालवतो, दगडाच्या खाणीत राबतो. सगळी आळी डोळे पुसत होती. आई बारकाईनं बघत होती. मग मला म्हणाली, "अगं, ह्येच्या हाताला फोड कसं न्हाईत?" आणि थोड्या वेळानं, "दोन हजार? म्हयन्यात? कुठल्या मुकादमाकडं?"

मी तेव्हा चिडले होते. चांगला सिनेमा चाललेला, आणि हिचं आपलं मोजमाप! पण पुढं सिनेमावरचं बरंच वाचलं, पाहिलं, तरी त्या दोन प्रश्नांच्या तोडीचं परीक्षण मला सापडलं नाही. श्रीमंताच्या पोरानं महिनाभर घेतलेली गरिबी आणि जन्मभराची गरिबी यांत फरक कशाचा, तर हाताच्या फोडांचा. एकाला महिन्याची शेवटची तारीख माहीत असते.

आमचं हिंदी सिनेमाशी नातं कसं बदलत गेलं बघा. 'श्री ४२०' मधला राज कपूर फाटक्या बुटाचा. 'दीवार' मधला अमिताभ गोदीतला हमाल. आपल्या वेळेला नायक महिन्यापुरता मजूर झाला. आणि १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला तेव्हा पडद्यावर गरीब उरला तो फक्त घरातला नोकर, आणि तो कोण, तर आपला लक्ष्मीकांत बेर्डे! मी तो सिनेमा तीनदा पाहिला. खोटं कशाला बोलू, मला तो आवडला. माधुरीची जांभळी साडी अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे, आणि तिची स्वस्तातली नक्कल माझ्या कपाटात आहे. पण त्या घराला बाहेर गाव होतं की नाही ते काही कळलं नाही. २०१६ साली 'सैराट' मध्ये पुन्हा आपल्यासारखी विहीर दिसली, ऊस दिसला, आपल्यासारखी बोलणारी पोरं दिसली. थिएटरात लोक गाण्यांवर नाचले आणि शेवटी कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. श्रीमंताची पोरगी, गरिबाचा पोरगा, गोष्ट तीच. पण इथं दोन हजारांत मिटणारी नव्हती.

आता मूळ मुद्द्यावर येते. सूत्रसंचालक घड्याळ बघतायत.

आपल्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव घेत नाही, कारण मी त्याला विचारलेलं नाही. पण तुम्ही एका मिनिटात ओळखाल. त्याचा मामा विट्याला टॉकीजमध्ये दारावर होता. त्यामुळे ज्याच्याकडं दुसरा सदरा नव्हता त्या ह्या मुलानं आपल्यात सगळ्यात जास्त सिनेमे पाहिले होते. मधल्या सुट्टीत लिंबाखाली बसून तो अख्खा सिनेमा सांगायचा. संवाद, मारामारी, गाण्याच्या मधलं संगीतसुद्धा तोंडानं. फी म्हणजे मूठभर चिंचा किंवा अर्धी भाकरी. काळू-बाळूच्या 'जहरी प्याल्या'तले दोन्ही हवालदार तो एकटा करायचा. गलाईवाल्यांचा मुलगा टोपी घालून त्याच्या पायाशी बसून ऐकायचा. आपल्यातल्या कितीतरी जणांनी 'मैंने प्यार किया' पहिल्यांदा पाहिला तो त्याच्या तोंडून. मी तर म्हणेन, व्हिडिओवर पाहिला त्यापेक्षा तो चांगला होता.

तो आज आलेला नाही.

ह्या मेळाव्याची वर्गणी माणशी दोन हजार रुपये ठरली. रक्कम ग्रुपवर पडली त्या रात्री तिघं काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडले. त्याला मी फोन केला. तो म्हणाला, "म्हाताऱ्याचा दवाखाना चाललाय, म्होरच्या वक्ताला नक्की येतो." दुसऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत तो काम करतो. टेंभूचं पाणी आलं, माळावर बागा झाल्या, गाव बदललं हे खरं आहे आणि त्याचा मला आनंद आहे. पण पाणी ज्याची जमीन त्याच्याकडं जातं. मी त्याला म्हटलं, तुझे पैसे मी भरते. त्यावर तो हसला आणि त्यानं विषय बदलला. बरोबरच केलं त्यानं. ज्यानं चिंचांवर का होईना पण स्वतःची फी घेऊन सिनेमा सांगितला, तो फुकट जेवायला येईल कशाला?

संयोजकांवर माझा राग नाही. मंडप, जेवण, सरांना आणायला गाडी, हे सगळं पैशानंच होतं. आणि गलाईवाल्या मित्रांनी कमतरता पडेल तिथं न सांगता भर घातली आहे, हे मला हिशेब बघताना दिसलं. पण जेवणानंतर शाळेच्या नव्या कमानीचा विषय निघणार आहे. देणगीदारांची नावं संगमरवरावर, रकमेच्या क्रमानं, असा प्रस्ताव आहे. त्याला माझा विरोध आहे आणि तो मी इथंच नोंदवते.

माझं म्हणणं असं. आपला दहावीचा हजेरीपट शाळेच्या कपाटात अजून आहे. मुख्याध्यापकांना विचारून मी काल तो पाहिला. कडा वाळवीनं खाल्ल्यात, पण चोपन्नच्या चोपन्न नावं वाचता येतात. कमान करायचीच असेल तर तीच चोपन्न नावं त्याच क्रमानं घाला. ज्यानं लाख दिले त्याचं, ज्यानं काही दिलं नाही त्याचं, आणि आपल्यातले जे पाच आता नाहीत त्यांचंही. आणि पुढच्या वेळी आकडा ठरवू नका. कार्यालयात एक बंद पेटी ठेवा. कुणी किती टाकले ते पेटीला माहीत असेल.

हे पटत नसेल त्यांनी जेवणानंतर माझ्याशी भांडायला यावं. मी मैदानाच्या कडेला, तिसऱ्या लिंबाखाली असेन. मंडपात कैरीचं पन्हं ठेवलंय. येताना दोन पेले आणा.